मासवणचा हबवाला

गोविंद वरठा गेला त्या दिवशी माझे बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण ताटातला बोंबील तसाच बाजूला सारला. आई मला हळूच म्हणाली, सख्खा भाऊ गेल्यासारखं करतायत. मी म्हटलं, सख्खा भाऊ गेला तेव्हा तर जेवून दुपारी झोपले होते. आईने ताट उचललं. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात दुःख असं नव्हतंच. मी गेलो तर हे किती दिवस बोंबील सोडतील, एवढाच विचार चालला होता.

मला गोविंदाचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो, माणूस गेला म्हणून तो काही लगेच जात नाही. आमच्या घरात माझ्यापेक्षा त्याचं नाव जास्त घेतलं जायचं. गोविंद असं म्हणतो, गोविंदाला विचारलं पाहिजे, गोविंद असता तर हसला असता. मी मुलगा, आणि गाड्यांचा धंदा माझा. बोईसरला पालघरच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे, गाडी उचलायची लिफ्ट आहे, गिऱ्हाईकाला बसायला गार खोली आहे. आणि माझा बाप आपली जीप घेऊन माझ्या दारावरून मासवणला जायचा.

ही जीप म्हणजे बाबांचा जीव. आमचं घर तारापूरच्या अलीकडे, घिवलीला, समुद्राला लागून. लहान होड्या वाळूवरून वर ओढायच्या, मासळीच्या टोपल्या रस्त्याला आणायच्या, यासाठी बाबांनी ती जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप घेतली होती. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर एकेक हब. हबवर वाटीएवढी फिरवायची कळ असते, एका बाजूला ‘फ्री’, दुसऱ्या बाजूला ‘लॉक’. वाळू आली की खाली उतरायचं, दोन्ही चाकांच्या कळा हाताने फिरवून लॉक करायच्या, मग पुढची चाकंही ओढायला लागतात. डांबरी रस्ता आला की पुन्हा उतरून फ्री करायच्या. घाटातल्या किंवा चिखलातल्या गाडीचा हब वर्षानुवर्षं टिकतो. आमच्या किनाऱ्यावर खारं पाणी आणि बारीक वाळू त्याला सुखाने जगू देत नाही. कळ अडकते, आतल्या रिंगचे दाते झिजतात, स्प्रिंग गंजते. म्हणजे दर काही महिन्यांनी हबचं काम निघणार, आणि दर वेळी ते मासवणला जाणार.

जाताना बाबा माझ्या गॅरेजसमोर एकदा हॉर्न वाजवायचे. देवळावरून जाताना माणसं बसल्या जागी छातीला हात लावतात, तेवढाच मान. माझ्याकडचा रंगारी उत्तर प्रदेशातला. तो पत्र्याला पुट्टी घासता घासता मान वर करून म्हणायचा, “सेठ, बाबूजी गए.” त्याचं त्यात काही वाईट नव्हतं, पण तो माणूस मी दोनदा कामावरून काढायचा विचार केला.

गोविंदाचं ठिकाण मासवणला, मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. शिरीषाचं मोठं झाड, खाली पत्र्याची शेड, पाटी नाही. जुन्या, मेलेल्या जीपचे हब तारेत ओवून त्याने फांदीला टांगले होते. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटायचे आणि गोविंद म्हणायचा, माझी घंटा वाजली, आता गिऱ्हाईक येतंय. येईलच असं नसायचं. मग म्हणायचा, वळणावर असेल.

माणूस उंच, सडपातळ, काळा कुळकुळीत, आणि अंगात कायम पांढरा शर्ट. मी मेकॅनिक आहे, मला विचारा पांढरा शर्ट म्हणजे काय ते. मी सकाळी घातलेला कपडा दुपारी कुठल्या रंगाचा होता ते आईलाही सांगता येत नाही. याचा शर्ट संध्याकाळीही पांढरा. कारण हा कामाला हातच लावायचा नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा, उजवा हात पँटच्या खिशात, आणि पायाच्या अंगठ्याने हत्यार दाखवायचा. काम कोण करणार? गाडीचा मालक. हा त्याचा नियम होता आणि पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. गोविंद वरठ्याकडे हब न्यायचा तर आपण गोणपाटावर बसायचं, आपण खोलायचा, आपण धुवायचा, आपण भरायचा. तो फक्त सांगणार. पैसे मात्र तो घेणार.

आणि थापा. सूर्या नदीला पूर आलेला असताना जीप पोहून पलीकडे नेली, ही त्याची आवडती थाप. पहिल्यांदा ऐकली तेव्हा जीपमध्ये तो एकटा होता. नंतर त्यात एक बाळंतीण आली. शेवटी शेवटी बाळंतीण, सुईण आणि दोन बकऱ्या एवढी माणसं त्याने पार केली. कोणी हसलं तर रागवायचा नाही, आणखी एक बकरी वाढवायचा.

मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो ते भांडायला. त्याआधी असं झालं, की बाबांच्या होडीवरच्या भागीदाराने अडकलेली कळ पाना लावून फिरवली आणि तिचा कान मोडला. बाबा समुद्रात होते. मला आयतीच संधी मिळाली. मी जीप बोईसरला आणली, दोन्ही हब काढले आणि त्या जागी कायमच्या लॉक टोप्या बसवल्या. आता उतरायला नको, फिरवायला नको, अडकायला काही उरलंच नाही. पुढची चाकं सदाची जोडलेली. डिझेल थोडं जास्त जाईल, स्टिअरिंग थोडं जड होईल, पण कटकट संपली. काम इतकं नेटकं झालं होतं की मी त्याचे फोटो काढले.

बाबा परत आले, जीप घेऊन वाळूवर गेले, सवयीने उतरले आणि चाकाशी वाकले. तिथे कळ नव्हती. मी उभा होतो, वाट बघत होतो काहीतरी बोलतील म्हणून. त्यांनी त्या गुळगुळीत टोपीवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, “मग आता मी उतरायचा कशाला?”

दुसऱ्या दिवशी जुने दोन्ही हब मासळीच्या टोपलीत घालून ते मासवणला निघाले. रंगाऱ्याने बातमी दिली आणि मी मोटरसायकल काढली.

मी पोचलो तेव्हा बाबा गोणपाटावर मांडी घालून बसले होते. गोविंद खुर्चीत. मी बसवलेल्या टोप्या काढून बाजूला ठेवल्या होत्या. गोविंदाने त्यांच्याकडे पायाचा अंगठा केला आणि मला म्हणाला, काम चांगलं केलंय शेट, नाखव्याला घरी बसवायची चांगली सोय केलीय. मी भांडायला आलो होतो, पण त्याने मला तोंडच उघडू दिलं नाही. लगेच त्याने बाबांच्या पहिल्या दिवशीची गोष्ट सुरू केली.

ती अशी. मी आयटीआयला होतो तेव्हाची. बाबांना हब नवीन होता. समुद्रावरच्या माणसाला एकच औषध माहीत, ग्रीस. होडीच्या शाफ्टला जसं ठासून भरतात तसं बाबांनी दोन्ही हबमध्ये भरलं, पाणी शिरायला जागाच ठेवायची नाही म्हणून. पाणी शिरलं नाही, पण रिंगही हलेना. हबमधली रिंग सुळकन सरकली पाहिजे, तिला एवढ्या चिकट ग्रीसमध्ये गाडल्यावर ती कुठली सरकते. बाबांनी मग जोर लावला, कळ मोडली, आणि कोणीतरी मासवणचा पत्ता दिला. गोविंद ही गोष्ट सांगताना ग्रीस आधी मूठभर निघालं, मग डबाभर, मग बादलीभर. “ही होडी नाय नाखवा,” तो म्हणायचा, “पापडाला तेल लावतंस ना, तेवढाच लावायचा.” आणि बाबा हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. आमच्या घरी बाबांच्या चुकीवर हसायची कोणाची टाप नाही. मी एकदा त्यांच्या जाळ्याच्या गाठीला हसलो होतो तर आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

मग काम सुरू झालं. फांदीवरचा एक मेलेला हब उतरवला, त्याची कळ घेतली. बाबांनी रिंग धुतली, झिजलेल्या दात्यांच्या कडा बारीक कानशीने एकेक करून सारख्या केल्या. पॅकिंग कापायला गोविंदाने लग्नपत्रिकांचा गठ्ठा पायाने पुढे सरकवला. जाड कागद, चकचकीत, तेल पीत नाही. तो फक्त ज्यांच्या लग्नाला गेला नाही त्यांच्या पत्रिका कापायचा. बाबांनी वरची पत्रिका उचलली आणि कात्री चालवली. गणपती गेला, मग “आमचे येथे श्रीकृपेकरून” गेलं, आणि मग मला माझं नाव दिसलं. माझीच पत्रिका होती. माझं आणि बायकोचं नाव मधोमध कापलं जाऊन हबमध्ये बसलं. गोविंद म्हणाला, बघ, आता तुझ्या संसारात पाणी शिरायचं नाही. बाबा पुन्हा हसले.

हब चाकावर चढला की एक गंमत चालायची. जॅकवर उचललेलं चाक बाबा हाताने हलकंसं मागेपुढे करायचे, कळ फिरवायचे, आणि मान वर न करता विचारायचे, “बसला?” दात्यात दाता बसला की आत बारीक टक् होतं. गोविंद डोळे मिटून ऐकायचा. “नाय बसला,” म्हणायचा. बाबा पुन्हा खोलायचे, पुन्हा पुसायचे, पुन्हा बसवायचे. “बसला?” “नाय.” मी जवळ उभा होतो, माझे कानही काही बहिरे नाहीत. मला टक् ऐकू आलं होतं. मला तेव्हाही वाटलं आणि नंतरही वाटत राहिलं, की बसलेला असतानाही हा मुद्दाम नाय म्हणतो. गप्पा वाढाव्यात म्हणून, दुपार तिथेच जावी म्हणून. आणि बाबांची ती दुपार माझ्या वाट्याची होती.

पालघरच्या एका डॉक्टरचंही तेच झालं. मोठी नवी गाडी, रविवारी मित्रांबरोबर नदीत आणि डोंगरात घालायची हौस. हब कटकट वाजतो म्हणून माझ्याकडे आणली. मी नवा हब बसवून दिला, डॉक्टर गार खोलीत पेपर वाचत बसले, पैसे देऊन गेले. पुढच्या खेपेला ते मासवणला गेले. नंतर मला पेट्रोल पंपावर भेटले आणि दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. नखं काळी, चेहरा दहावी पास झालेल्या पोराचा. मी खोलला, मी बसवला, मलाच ऐकू आलं, असं तीन-तीनदा सांगत होते. मी गोड हसलो आणि घरी जाऊन बायकोवर विनाकारण डाफरलो.

मासळीचं तर काय सांगू. चांगला सरंगा मिळाला की तो मासवणला. घोळीचा मधला तुकडा मासवणला. आमच्या ताटात शेपटी. उलट तिकडून कंद यायचे, आंबे यायचे, आणि बाबा ते असे मिरवायचे की जणू गोविंदाने झाडही स्वतःच घडवलंय. मी एकदा बोईसरच्या बाजारातून उत्तम हापूस नेले. बाबा म्हणाले, बरे आहेत.

मला एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, त्या जीपने हॉर्न न वाजवता माझ्या दारात वळावं. माझ्या बापाने किल्ली माझ्या हातात ठेवावी. याहून जास्त काही नाही.

आणि ती वळली. मनोरचा रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा शिरीष तोडला गेला आणि शेडही गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांची जीप पालघरच्या बाजूने उलटी आली आणि सरळ माझ्या गॅरेजात शिरली. रंगारी नुसताच उभा राहिला. बाबा उतरले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, डावा हब अडकलाय, आज तुझ्याकडे करायचाय. मी किल्ली मुठीत घट्ट धरली. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि पांढरा शर्ट खाली उतरला.

म्हणजे माझ्याकडे आले ते गोविंदाला जागा उरली नाही म्हणून, आणि गोविंदाला सोबत घेऊन. माझा आनंद तिथेच नासला. मी दोघांना गार खोलीत बसवलं, चहा मागवला. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले, काचेतून आपल्या जीपकडे बघत, डॉक्टरच्या दारात रांगेला बसल्यासारखे. मग उठून बाहेर आले. मागून गोविंदही आला. मी हबचे बोल्ट काढले होते, आता आतली सर्क्लिप काढायची होती. ती स्टीलची बारीक कडी असते, खाचेत घट्ट बसलेली, पकडीने अलगद फाकवून काढावी लागते. गॅरेजात माझी माणसं होती, दोन गिऱ्हाईकं होती. इतक्या वर्षांत मी या माणसाच्या हातात एकदाही हत्यार पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता सापडला. मी पक्कड त्याच्यापुढे धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “गोविंदकाका, आज तुमी काढून दाखवा. आमाला पण शिकू दे.”

त्याने पकडीकडे पाहिलं. मग खिशातून उजवा हात काढला. हात चांगला धड होता, पाचही बोटं. त्याने पक्कड घेतली आणि ती बोटांतून तशीच खाली फरशीवर पडली. बोटं मिटलीच नाहीत. तो वाकला, पुन्हा उचलू लागला, आणि पक्कड हातात आहे की नाही हे त्याला बघावं लागत होतं.

बाबा पुढे झाले. “आण इकडं,” म्हणाले, पक्कड उचलली आणि माझ्या स्वच्छ फरशीवर मांडी घालून बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

गोविंदानेच मला बाजूला घेतलं. थाप मारताना त्याचा आवाज चढायचा, या वेळी मात्र तो अगदी साधा होता. “ताडावरून पडलो तवापासून हाय. बोटा हायत, पण त्यांना काय समजत नाय. गरम नाय, गार नाय. मी धंदा बंदच करणार व्हतो.” मग त्याने बाबांकडे हनुवटी केली. “त्या दिवशी तुजा बाप आला, गिरीस भरून. माजे हातातून तीनदा पक्कड पडली. बोलला काय नाय. पक्कड घेतली न् खाली बसला. बोलला, तू सांग, मी करतो. मग दुसरा आला, त्यालापण बोलला, हितं मालकानंच करायचा असतो.”

तर तो प्रसिद्ध नियम बाबांचा होता. बादलीभर ग्रीसच्या त्या गोष्टीत एवढा एक भाग गोविंद कधी सांगायचा नाही, आणि बाबाही नाही. डॉक्टरपासून जीपवाल्यांपर्यंत सगळे गोणपाटावर बसत होते ते माझ्या बापाने पहिल्यांदा मांडी घातली म्हणून.

मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही असेल. पण तिच्याखाली तोच जुना हेवा होता आणि तो आता दुप्पट झाला होता. एखाद्याकडे आपल्याहून जास्त कसब आहे म्हणून बाप त्याच्याकडे जातो, हे मी एकवेळ गिळलं असतं. हा तर त्याच्याकडे जात होता कारण तिथे त्याच्या हातांची गरज होती. माझ्याकडे लिफ्ट होती, माणसं होती, दोन धडधाकट हात होते. मी त्यांना काय म्हणत होतो? बाबा, तुमी बसा, चहा घ्या. माझ्याच हातांचा मला इतका राग कधी आला नव्हता.

त्या दिवशी माझ्या गॅरेजात दुपारभर “बसला?” आणि “नाय” चाललं. निघताना जीप फाटकाशी थांबली. सगळं नीट झालंय का ते बघायला बाबा उतरले, उजव्या चाकाची कळ फिरवली. गोविंद डावीकडे उतरला, वाकला आणि डाव्या चाकाच्या कळेवर आपला उजवा तळहात ठेवला, नुसता ठेवला. बाबा वळसा घालून आले, त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून कळ लॉक केली, मग फ्री केली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. गोविंदाचा पांढरा शर्ट मला शेवटचा दिसला तो असा, पाठमोरा, चाकाशी वाकलेला.

तो गेल्यापासून जीप घिवलीला दारात उभी होती. बाबा तिच्यावर हात ठेवत नव्हते. मागच्या आठवड्यात मी गेलो, जॅक लावला, उजवा हब खोलला आणि आईकरवी निरोप पाठवला, की सर्क्लिप काही मला जमत नाही, जरा येता का. आई दारात थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी रोज आठ-दहा सर्क्लिपा काढतो आणि घालतो, हे तिलाही माहीत आहे.

बाबा आले. माझ्या हातांकडे एकदा पाहिलं, पण बोलले नाहीत. पक्कड घेतली आणि खाली बसले. रिंग धुतली, कानस मारली, पापडाला लावतात तेवढंच तेल लावलं. मी बाजूला प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसलो. ऊन कलेपर्यंत आम्ही तसेच होतो, आणि मी त्यांना चहा घ्या म्हटलं नाही. शेवटी हब चढला. त्यांनी चाक हलकंसं मागेपुढे केलं, कळ फिरवली आणि खाली मान घालूनच विचारलं, “गोविंद, बसला काय रं?”

आत टक् झालेलं मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

“नाय,” मी म्हणालो. “परत खोला.”